दौहृदिनी

आमची धाकटी सून परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात चौथ्या वर्षास असताना तिला दिवस गेले. वार्ता बीडास आली, पेढे वाटले, आणि त्याच सायंकाळी ‘आता शिक्षण पुरे’ असेही घरात ठरले. आम्हीही मान डोलाविली, हे कबूल करणे भाग आहे. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. त्यात गुराढोरांशी गाठ!

सुट्टीत ती आली नि म्हणाली, “मामंजी, भय कशाचे ते तरी ऐकून घ्या.” गाय गाभडली तर तिच्या वारेत ब्रुसेलाचे जंतू असू शकतात, माजावर आणण्यासाठी टोचतात त्या प्रोस्टाग्लँडिनचा थेंब कातडीवर पडला तरी गर्भास अपाय संभवतो, क्ष-किरण निराळेच. “एवढी कामे मी टाळीन, अध्यापकांस तसे सांगितलेही आहे. बाळंतपणात एखादे सत्र मागे पडले तर पडो.”

आयुर्वेदात गर्भिणीस दौहृदिनी म्हणतात, म्हणजे दोन हृदयांची; तिची इच्छा मोडू नये, असा दंडक. आम्ही तो वर्गात अनेकदा शिकविला होता. डोहाळे मात्र आंबटचिंबटाचेच असतात, अशी आमची समजूत!

परवा पहाटे तिला परभणीच्या गाडीत बसविले. मंडळींनी डब्यात लाडू भरले. रबरी हातमोजे पिशवीत आहेत ना, ते आम्ही दोनदा पाहिले.