आठे

पहिल्या तपासणीला मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा होता. खोलीत निळी सतरंजी, लाकडी ठोकळे, एक मोडकी बस. तपासणाऱ्या बाई खानदेशाबाहेरच्या, बोलायला गोड. तो पाच मिनिटं बसची चाकं फिरवत राहिला. मग माझ्याकडे बघून सतरंजीवर हात आपटत म्हणाला, "आठे, आठे." बाईंनी कागदावर लिहिलं, संदर्भ नसताना अंक म्हणतो.

आठे म्हणजे इथे. तो मला शेजारी येऊन बस म्हणत होता.

मी धुळ्याची. अहिराणीत वाढले, अहिराणीतच भांडले. मला कळलं नाही असं म्हणायची सोयच नाही. तरी मी गप्प बसले. थोड्या वेळापूर्वीच बाईंनी विचारलं होतं, "घरात कोणती भाषा?" आणि मी सांगून मोकळी झाले होते, "मराठी. थोडं इंग्लिश." जळगावच्या शाळेत मी मराठी शिकवते. मुलाला सांभाळायला आलेली माझी आई दिवसभर त्याच्याशी अहिराणी बोलते, हे त्या पांढऱ्या टेबलासमोर सांगायची मला लाज वाटली. एवढंच कारण. मोठं काही नाही.

अहवालात स्वमग्नतेची शक्यता लिहून आली. पुढे प्रश्नचिन्ह होतं. बाकी कागद विसरून मी तीन रात्री त्या प्रश्नचिन्हाकडे बघत काढल्या. शेवटच्या ओळीत सल्ला होता, घरात एकच भाषा ठेवा. ती कोणती, हे मी ठरवलं.

आईला म्हटलं, "माय, त्याच्यासमोर अहिराणी नको." तिनं कुरकुर न करता प्रयत्न केला. सत्तरीच्या बाईनं पुस्तकी मराठीत "बाळा, तुला पाणी हवंय का?" म्हणायचं आणि मुलानं तिच्या तोंडाकडे अनोळखी माणसासारखं बघायचं. पंधरा दिवसांत ती बोलायचीच थांबली. भाजी निवडायची, त्याला भरवायची, सगळं मुक्यानं. महिनाभरानं पिशवी भरून धुळ्याला, देवपूरच्या घरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तो ते बोलस व माय, तुलेच ऐकू येत नही."

मी ते वाक्य रागात ऐकलं आणि पंख्याचं बटण दाबलं.

त्याआधीचंही सांगायला हवं. गल्लीच्या टोकाला अंगणवाडी आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं. त्यात जन्मजात दोष, आजार, कमतरता यांच्याबरोबर विकासातला उशीरही बघतात, आणि गरज वाटली तर मूल पुढच्या केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडीताई दोनदा दारात येऊन गेल्या. मी दोन्ही वेळा म्हटलं, "आमचा नर्सरीत जाणार आहे." जणू नर्सरीत जाणाऱ्यांना उशीर होत नाही. सासूबाईंनी वेखंड मधात उगाळून जिभेला लावलं, शंखातलं पाणी पाजलं. मी त्यांच्यावर हसत होते आणि "मुलगे उशिराच बोलतात" हे त्यांचंच वाक्य डॉक्टरांना ऐकवत होते.

दुसरी तपासणी दुसरीकडे झाली. तिथे मी जे केलं ते शिक्षिकेनं करू नये. आधीचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी चित्रांची कार्डं घेऊन बसले. सफरचंद, छत्री, हत्ती. तो रडला की बिस्किट. त्या दिवशी त्यानं बारा चित्रं धडाधड ओळखली. डॉक्टर म्हणाले, "उशीर आहे, पण चिंता नको. सहा महिने थांबा." माझ्या मुलाची परीक्षा मी कॉपी करून पास केली आणि बक्षीस म्हणून सहा महिने घालवले. छत्री ओळखणारा मुलगा तहान लागली की अजूनही माझा हात ओढून माठाकडे न्यायचा.

कान तपासायला हवे होते सगळ्यात आधी. आम्ही ते केलं साडेतीन वर्षांचा झाल्यावर. जाहिरातीचं गाणं लागलं की तो वळतो, म्हणजे ऐकू येतं, असं आमचं घरगुती शास्त्र होतं. बेरा तपासणीसाठी मूल झोपलेलं लागतं, म्हणून पहाटे चारपासून त्याला जागं ठेवलं. कान ठीक निघाले. नसते निघाले तर, हा विचार मी अजून पुरता केलेला नाही.

तिसऱ्या वेळी धुळ्याला गेलो, कारण आई तिथे होती आणि मला एकटीनं जायची हिंमत नव्हती. तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि आईला सतरंजीवर. म्हणाल्या, "आजी, तुम्ही रोज खेळता तसं खेळा. तुमच्या बोलीत." आईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग वीस मिनिटं मी जे बघितलं ते माझ्या घरात वर्षभर चाललं होतं आणि मी बंद पाडलं होतं. दख. माले. तठे. गई. बाई लिहीत होत्या, अडलं की आईला अर्थ विचारत होत्या. मी घरून लिहून नेलेल्या यादीत अकरा शब्द होते. त्यांच्या कागदावर एक्केचाळीस भरले. शब्द मोजताना मूल बोलतं त्या सगळ्या भाषांतले धरायचे असतात, हे मला तेव्हा कळलं. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, आणि ज्याला भाषेची अडचण आहे ते मूलसुद्धा दोन भाषा शिकू शकतं. 2011 च्या जनगणनेनं खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी धरून, वेगळी मोजली, बोलणारे साडेअठरा लाखांच्या वर. मी मात्र माझ्या आईला त्यातून वजा केलं होतं.

आनंदानं मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तरी उशीर आहेच." मुलांच्या विकासटप्प्यांच्या अमेरिकेतल्या 2022 च्या सुधारित यादीत तीस महिन्यांच्या मुलाकडून पन्नासच्या आसपास शब्दांची अपेक्षा आहे. हा तेव्हा चार वर्षांचा होता, आणि दोन शब्द जोडत नव्हता. स्वमग्नतेबद्दल त्यांनी ना हो म्हटलं ना नाही. अंकांची ती ओळ तेवढी खोडली. बाकी पाच वर्षं झाल्यावर पुन्हा बघू म्हणाल्या.

आता तो साडेपाच वर्षांचा आहे. पुन्हा बघून झालं. भाषेची अडचण नक्की, बाकीचं अजून टांगलेलं. दर शनिवारी आम्ही एसटीनं एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याला जातो. आधी बाईंकडे तास, मग देवपूरला आजीकडे वरणबट्टी. आई परत जळगावला राहायला आली नाही. मी एकदा विचारलं, तिनं पापड वाळत घालायला घेतले. दुसऱ्यांदा विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

शाळेच्या प्रवेशअर्जात मात्र मातृभाषेच्या रकान्यात अहिराणी लिहिलं. कारकुनानं विचारलं, "मराठीच लिहू ना?" म्हटलं, जे लिहिलंय तेच राहू द्या.

परवा रात्री आईचा व्हिडिओ कॉल होता. ती सवयीनं जेवला का विचारत होती. त्यानं फोन माझ्या हातातून घेतला, गादीवर ठेवला, शेजारची जागा हातानं थोपटली आणि पडद्याकडे बघून म्हणाला, "आजी, आठे ये."

पलीकडे बराच वेळ फक्त छत दिसत होतं. मी वही काढून तारीख टाकली. याला तीन शब्द धरायचे की एक वाक्य, ते शनिवारी बाईंना विचारायचं आहे.