तारीख कोणी द्यायची?

३१ जुलै २०१९ रोजी मी बँकेच्या सेवेतून निवृत्त झालो. सायंकाळी सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिले, चार शब्द बरे बोलले. त्याआधी दुपारी तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करून किल्ल्यांच्या नोंदवहीत मी शेवटची सही केली. अडतीस वर्षांच्या नोकरीचा खरा समारोप त्या सहीने झाला. सायंकाळचा समारंभ हा केवळ उपचार होता. वयाची साठ वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी उठायचे, हा नियम. तुमची इच्छा आहे का, असे कोणी विचारीत नाही.

रात्री थोरले बंधू आण्णा घरी आले. हार बाजूला सारून माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "तुझं बरं आहे. तुला बँकेनं तारीख दिली. आम्हाला कोण देणार?"

तेव्हा मी हसलो होतो. त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला पुढची सहा वर्षे लागली. आपल्या समाजातील बहुतेक घरे व्यापारी आहेत आणि हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक घरात उभा राहतो. म्हणून संकोच बाजूला ठेवून घरचीच गोष्ट सांगतो.

आमचे सांगलीला हळद आणि गुळाच्या आडतीचे दुकान आहे. ते वडिलांनी सुरू केले. वडील गेले तेव्हा आण्णा चोवीस वर्षांचे होते आणि मी पंधरा. शिक्षण अर्धवट सोडून ते आधीच गादीवर बसले होते. "घरात एकानं तरी शिकावं," असे म्हणत त्यांनी माझी फी भरली. माझ्या एम. कॉम.च्या प्रमाणपत्रावर नाव माझे आहे, पण त्यामागे आण्णांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत उपसलेले कष्ट आहेत. हे आधी सांगितले पाहिजे. कारण पुढे त्यांच्याविषयी जे लिहिणार आहे, ते लिहिण्याचा अधिकार या ऋणातूनच मिळाला आहे आणि तेवढीच अडचणही त्यातूनच झाली आहे.

निवृत्तीनंतर दोन महिने तीर्थयात्रा करायची असे मी आणि सौभाग्यवतीने ठरवले होते. पण आठ-नऊ दिवसांतच कृष्णेचा तो महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. नदीकडच्या आमच्या जुन्या गोदामातील हळद भिजून गेली. पाणी ओसरल्यावर चिखलात उभे राहून आण्णा फक्त पोती मोजत होते. मी घरातून विम्याची कागदपत्रे काढली. गोदामाचा पत्ता पॉलिसीत नोंदवलेला होता, हे नशीब. पण मालाच्या प्रत्यक्ष किमतीपेक्षा विमा कमी रकमेचा होता. अशा वेळी कंपनी नुकसानीची भरपाईही त्याच प्रमाणात कमी करते, हे आण्णांना ठाऊक नव्हते. सर्वेक्षकाला साठ्याचा हिशेब देणे, कॅश क्रेडिटच्या खात्याची मुदत सांभाळणे, जीएसटीची विवरणपत्रे भरणे, ही सर्व कामे मी अंगावर घेतली. यात्रा राहिली.

पूर ओसरला, मी मात्र दुकानातच राहिलो. सकाळी दहाला जाऊ लागलो. एक टेबल आले, मग एक संगणक. पगार घेतला नाही, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर दुसरे काही तरी घेत होतो. बँकेतील खुर्ची सुटल्यावर मला 'साहेब' म्हणणारे कोणी उरले नव्हते. दुकानात हमालापासून खरेदीदारापर्यंत सारे तसे म्हणत. घरच्या मदतीच्या नावाखाली मी स्वतःचीच सोय पाहत होतो.

या जूनमध्ये कर्जमर्यादेच्या नूतनीकरणासाठी बँकेचे तरुण व्यवस्थापक दुकानी आले. गादीवर आण्णा, वय पंचाहत्तर. टेबलाशी मी, वय सहासष्ट. बाजूच्या खुर्चीवर पुतण्या, वय सेहेचाळीस. व्यवस्थापकांनी पुतण्याकडे पाहून विचारले, "येत्या हंगामात उलाढाल किती धरायची?" पुतण्याने उत्तरासाठी तोंड उघडले. तेवढ्यात मी आकडा सांगितला. आण्णांनी तो दुरुस्त केला. पुतण्याने तोंड मिटले आणि चहा सांगायला तो उठून बाहेर गेला.

व्यवस्थापकांनी वहीत काही लिहिले. काय लिहिले असेल, हे मला वाचल्याविना समजले. कारण अशा टिपणी मीच वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे. 'मालक वयोवृद्ध. पुढील पिढी व्यवसायात आहे, परंतु अधिकार नाहीत.' कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने ही जोखीम असते.

त्या सायंकाळी पुतण्या मला घरी सोडायला आला. गाडी थांबवून तो म्हणाला, "काका, रागावू नका. मला पन्नाशी लागेल आता, तरी दहा हजारांच्या चेकवर माझी सही चालत नाही. पूर्वी फक्त आण्णांना विचारावं लागायचं. आता आधी तुम्हाला, मग आण्णांना." थोडे थांबून पुढे म्हणाला, "पोराला मे महिन्यात विचारलं, पुण्याची नोकरी सोडून येतोस का? तो म्हणाला, पप्पा, तुम्ही वीस वर्षं बाकावर बसून आहात, मी किती वर्षं बसू?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. चौथ्या पिढीने दुकान नाकारले ते धंदा वाईट म्हणून नव्हे. आम्ही दोघे उठत नाही, म्हणून. आणि त्यातही आण्णांनी निदान ती गादी आयुष्य घालून मिळवली होती. मी तर आयताच येऊन बसलो होतो.

बँकेत असताना अशी कितीतरी खाती मी पाहिली होती. दुकान एकट्या वडिलांच्या नावावर. एके दिवशी वडील जातात. तेराव्याच्या आत मुले बँकेत येतात, तेव्हा खात्यातील व्यवहार थांबलेले असतात. वारसांची कागदपत्रे, बहिणींची संमती, सारे जमेपर्यंत मर्यादा वापरता येत नाही. जीएसटीची नोंदणी मालकाच्या नावाची. ती पुढे चालत नाही, नवी घ्यावी लागते आणि शिल्लक क्रेडिट रीतसर वर्ग करून घ्यावे लागते. बाजार समितीचा परवानाही मालकाच्याच नावाचा. भागीदारी असली तरी करारात तशी तरतूद नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर ती संपुष्टात येते, असे १९३२ चा भागीदारी कायदा सांगतो. हे सर्व मी परक्या ग्राहकांना समजावून सांगत असे. स्वतःच्या भावाला मात्र सहा वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. तेथे माझ्यातील अधिकारी गप्प होता आणि धाकटा भाऊ घाबरत होता.

भाद्रपदात आनंद श्रावकाची कथा प्रवचनात ऐकली. लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण यंदा ती वेगळीच ऐकू आली. उपासकदशांग सूत्रातील हा वाणिज्यग्रामचा धनिक. बारा कोटी सुवर्णमुद्रा. त्यांतील चार कोटी ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. पूर्वी माझ्यातील बँकवाल्याला ही विभागणीच तेवढी आवडत असे. पण कथेचा गाभा पुढे आहे. भगवान महावीरांकडून व्रते घेऊन चौदा वर्षे झाल्यावर, पंधराव्या वर्षी आनंदाने आप्तेष्टांना जेवायला बोलावले, सर्वांसमक्ष थोरल्या मुलाला घराचा कारभार दिला आणि सांगितले की, आजपासून कोणत्याही कामात मला काही विचारू नका. मग तो पौषधशाळेत निघून गेला.

त्याला तारीख कोणी दिली नव्हती. तो आजारी नव्हता, कर्जबाजारी नव्हता, मुलांनी काढले नव्हते. तारीख त्याने स्वतः ठरवली आणि चार लोकांसमोर जाहीर केली.

श्रावकाच्या अकरा प्रतिमा आपण जाणतो. दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांत त्यांच्या नावांत व क्रमांत काही फरक आहे, पण आठवी दोन्हीकडे आरंभत्यागाची आहे: स्वतः उद्योगधंदा करणे सोडणे. दिगंबर परंपरेत नववी परिग्रहत्यागाची आणि दहावी अनुमतित्यागाची. म्हणजे संसाराच्या कामात सल्लासंमती देणेही सोडायचे. धंदा सोडणे आठवे, संपत्ती सोडणे नववे आणि सल्ला सोडणे त्याहून पुढचे! पूर्वसूरींनी माणसाचे मन किती नेमके ओळखले होते, हे मला सहासष्टाव्या वर्षी उमगले. मी काही प्रतिमाधारी नाही, तेवढी पात्रताही नाही. पण पायऱ्या कोणत्या दिशेने जातात एवढे तरी दिसले.

क्षमावाणीच्या दिवशी आण्णांकडे गेलो. क्षमा मागितली आणि मग धीर करून विषय काढला. ते बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "तुला महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते. माझी पेन्शन म्हणजे ही गादी. उद्या औषधाला पैसे लागले तर पोराकडं हात पसरू? आणि सकाळी उठून जाऊ कुठं?"

दोन्ही प्रश्न खरे होते. ज्याच्या हाती निवृत्तिवेतन आहे त्याने व्यापाऱ्याला वैराग्य शिकवणे सोपे असते. हातावर पोट असलेल्या दुकानदाराला तर निवृत्ती ही चैनच वाटते, आणि काम करीत राहिल्याने देह-मन ताजे राहते हेही नाकारता येणार नाही. म्हणून कारभार सोडण्याआधी आधार बांधला पाहिजे. आम्ही तसे ठरवले. राहते घर आण्णा-वहिनींच्याच नावावर राहील. ते कोणाला बक्षीस द्यायचे नाही. व्यापारी कारभार द्यावा, डोक्यावरचे छप्पर देऊ नये, हे मी बँकेत पाहून शिकलो आहे. संभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, संभाळ न झाल्यास परत मिळवण्याची तरतूद २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. पण न्यायाधिकरणाची पायरी चढण्यापेक्षा आधीच सावध असणे बरे. आण्णांच्या भांडवलाचा काही भाग काढून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचा; तिची मर्यादा २०२३ पासून ३० लाख झाली आहे आणि व्याज दर तिमाहीला मिळते. उरलेल्या भांडवलावर पेढीने व्याज द्यायचे. दुकान १ एप्रिलपासून पिता-पुत्रांची भागीदारी होईल आणि दोघांपैकी कोणाच्याही सहीने चेक वटेल, असे कलम त्यात राहील.

मसुदा आण्णांनी पंधरा दिवस तिजोरीत ठेवला. पुतण्याने विचारले नाही, मीही विचारले नाही. मग एका सकाळी त्यांनी मुलाला बोलावून तो मोठ्याने वाचायला लावला आणि एकच दुरुस्ती सुचवली: सकाळच्या सौद्याला ते जातील. "माल हातात घेतल्याबिगर मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही," असे म्हणाले. कोणाचीच हरकत नव्हती. हळकुंड मोडून त्याचा रंग पाहणारी ती नजर कोणत्याही करारनाम्याने हस्तांतरित होत नाही. शेजारी उभे राहूनच ती शिकावी लागते.

यंदा दिवाळीला वहीपूजनात नव्या वहीवर 'श्री' लिहिण्याची वेळ आली, तेव्हा आण्णांनी लेखणी मुलाच्या हाती दिली. त्यांचा हात किंचित थरथरला. वयाने की आणखी कशाने, ते मी विचारले नाही.

माझे म्हणाल तर टेबल रिकामे केले. विम्याच्या, कर्जाच्या फायली पुतण्याला समजावून दिल्या. मंदिराच्या पाठशाळेत दोन दिवस मुलांना हिशेब शिकवतो आणि राहिलेली यात्रा माघात करायची आहे. पण खरे सांगतो, आरंभत्यागापेक्षा अनुमतित्याग फार कठीण. चौथ्याच दिवशी मी पुतण्याला फोन केला, "स्टॉक स्टेटमेंट पाठवलंस का?" तो म्हणाला, "काका, परवाच पाठवलं." फोन ठेवल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "आता त्यांना चुकू द्या की जरा."

अजून आठवड्यातून एकदा हात फोनकडे जातो. पूर्वी रोज जात असे.

वाचकहो, आपल्या घरी गादीवर कोण बसले आहे आणि बाकावर कोण, एवढे एकदा पाहावे. नोकरदाराला तारीख संस्था देते. व्यापाऱ्याने ती स्वतः द्यायची असते. नाहीतर आजारपण देते, आणि ते पूर्वसूचना देत नाही.

जय जिनेंद्र.