गेम मास्टरच्या टेबलावरचं सामान

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेलं असतं. उरलेलं सगळं जग, म्हणजे गावं, वाटा, शत्रू, वाटेत भेटणारी माणसं, एकट्या गेम मास्टरच्या हाती असतं. ‘दार अर्धवट उघडं आहे, आतून कुणीतरी खोकतंय, काय करता?’ असं तो विचारतो. खेळाडू ठरवतात, आणि जिथे काहीही होऊ शकतं तिथे फासे टाकले जातात. रोलप्लेइंग गेम म्हणतात तो हा. मी पुण्यात हे खेळ चालवतो, चालवायला शिकवतोही. नव्याने शिकणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: काय काय विकत घेऊ?

फार थोडं, असं मी सांगतो. खेळ चालवताना पैशांपेक्षा लक्ष कमी पडतं. एक खेळाडू बोलत असतो, दुसरी मघापासून गप्प असते, तिसऱ्याला लढाई हवी असते आणि पुढच्या प्रसंगाचा विचार आपल्या डोक्यात चालू असतो. जे साधन माझी नजर या माणसांवर राहू देतं ते टेबलावर राहतं. नजर कागदात खेचणारं साधन कितीही देखणं असो, मी ते कपाटात ठेवतो.

हा पेच या खेळापेक्षा जुना आहे. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने सैन्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ तयार केला. त्यात हालचालींचा निवाडा करायला पंच होता, फासे होते आणि हानी मोजायचे तक्ते होते. तक्त्यांच्या हिशेबात पंच अडकून पडायचा, खेळ रेंगाळायचा. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नवा या सेनाधिकाऱ्याने तक्ते आणि फासे बाजूला सारून निवाडा पंचाच्या अनुभवावर सोपवण्याचा पुरस्कार केला. युद्धखेळांच्या परंपरेतूनच १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला. एका पेटीत तीन पुस्तिका, एवढाच तो होता. चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे सुरुवातीला शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्या कंपनीकडून मागवावे लागत. पुढे तक्ते पुन्हा वाढले. १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये तर पानंच्या पानं तक्ते आहेत.

तरी त्या काळातला एक तक्ता मी आजही जवळ ठेवतो. वाटेत कुणी अनोळखी भेटलं की ते कसं वागेल, हे दोन साध्या फाशांवर ठरतं. १९८१ च्या बेसिक आवृत्तीप्रमाणे दोन आले तर थेट हल्ला, तीन ते पाचला वैरभाव, सहा ते आठला संभ्रम, नऊ ते अकराला ते आपल्या वाटेने जातात किंवा बोलणी ऐकून घेतात, आणि बाराला दोस्ती. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहा ते आठ १६ वेळा येतात, दोन फक्त एकदा. म्हणजे समोरचा बऱ्याचदा बिचकलेला असतो आणि खेळाडूंना बोलावं लागतं. पाच ओळींचा हा तक्ता नसेल तर गेम मास्टर सवयीने प्रत्येक भेटीची लढाई करतो, हे मी कितीतरी टेबलांवर पाहिलं आहे.

माझं सर्वांत आवडतं साधन मात्र कागदावरचं वर्तुळ आहे. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाने २०१० मध्ये ही कल्पना वापरली आणि जॉन हार्परच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ने ती घासूनपुसून लखलखीत केली. याला क्लॉक म्हणतात. समजा, खेळाडू रात्री चोरदिंडीने गडात शिरताहेत. मी वर्तुळ काढून त्याचे सहा भाग करतो, वर लिहितो ‘गस्तीला संशय’ आणि कागद सगळ्यांना दिसेल असा मध्ये ठेवतो. दगड घरंगळला, एक भाग काळा. कुत्रं भुंकलं आणि त्याला गप्प करायला उशीर झाला, आणखी दोन. आता तीन उरले. मी काही न सांगता आवाज खाली येतात. कुणीतरी म्हणतं, ‘अरे, मशाल विझव आधी.’ सहावा भाग भरला की नगारा वाजतो. गस्त किती सावध झाली हे मला लक्षात ठेवावं लागत नाही, आणि मी मनाला येईल तसं संकट आणलं असं कुणाला वाटतही नाही.

तिसरं साधन म्हणजे नावांची यादी. खेळाडू हमखास विचारतात, ‘त्या नावाड्याचं नाव काय?’ आपण अडखळलो की तो नावाडी खोटा पडतो. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर भिकाजी, सटवाजी, गोदाक्का, तुळसाबाई अशी वीसेक नावं आधीच लिहिलेली हवीत. वापरलं की खोडायचं, आणि शेजारी एक शब्द: ‘तोतरा’, ‘कर्जबाजारी’.

तयारीचे दोन नियम मी कसोशीने पाळतो. या खेळांवर लिहिणारा माइक शी सांगतो, दहा गुपितं लिहा, पण ती कुठे उघड होतील ते ठरवू नका. खेळाडू देवळात गेले तर गुरवाच्या तोंडून, बाजारात गेले तर तेलिणीच्या. असाच दुसरा लेखक जस्टिन अलेक्झांडर सांगतो, खेळाडूंनी काही ओळखावं असं वाटत असेल तर त्याचे किमान तीन धागे पेरा. एक निसटतो, एकाचा अर्थ भलताच लागतो, तिसरा कामी येतो.

गेम मास्टरपुढे उभा करायचा पुठ्ठ्याचा घडीचा स्क्रीन मी वापरत नाही. त्याच्या आतल्या बाजूला नियम छापलेले असतात, ही सोय खरी. पण फासे त्याआड टाकले की निकाल फिरवायचा मोह होतो. मी फासे उघड्यावर टाकतो. पात्र मरणार असेल तर ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मरावं.

आणि एक साधं कार्ड, ज्यावर फुली आहे. जॉन स्टॅव्हरोपूलोस याने रूढ केलेलं हे एक्स-कार्ड टेबलाच्या मधोमध असतं. एखादा प्रसंग कुणाला सहन होत नसेल तर त्याने कार्डाला बोट लावायचं. तो भाग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. शाळकरी मुलं आणि मोठी माणसं एकत्र खेळणार असतील तर मी याशिवाय सुरुवातच करत नाही.

मित्र परदेशी असतील तर २०१२ पासून चालू असलेल्या रोल२०सारख्या ऑनलाइन टेबलांची सोय चांगली आहे. फक्त नकाशे सजवण्यात रविवार घालवू नका.

दिवाळीच्या सुट्टीत करून पाहायचं असेल तर जानेवारी २०२३ पासून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. तेही जड वाटले तर सापशिडीच्या डब्यातले दोन फासे, एक वही आणि वरचा पाच ओळींचा तक्ता एवढ्यावर पहिली संध्याकाळ निघते. फराळाला येणाऱ्यांपैकी चौघांना तासभर थांबवून घ्या आणि त्यांना त्या अर्धवट उघड्या दारासमोर उभं करा.