चुंबकाला न लागणारं

आज तापीकाठच्या प्रकाशा गावाला गेलो होतो. घाटावर एक पोरगा जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून तापीत फेकत होता. भाविकांनी टाकलेली नाणी काढायची ही त्याची युक्ती. दोन खेपा रिकाम्या गेल्या. तिसरीला गाळाने माखलेला एक रुपया आणि गंजका खिळा. रुपया चड्डीला पुसून खिशात, खिळा परत पाण्यात.

"तांब्याचं जुनं नाणं मिळतं का रे?"

"ते नाही लागत, काका."

खरंच की. तांबं-चांदी चुंबकाला दाद देत नाही.

मला एकेकाळी मेटल डिटेक्टर घ्यायचा भारी सोस होता. याच गावच्या टेकाडावर १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती थराथराने उलगडली. ते वाचलं आणि सोस ओसरला. वस्तू कोणत्या थरात होती, यालाच तिथे मोल. यंत्र वाजलं म्हणून उकरलेलं नाणं मुकंच. शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा आहेच: जमिनीत पुरलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं.

निघालो तेव्हा पोराच्या खिशात सहा रुपये जमले होते.