खालिदची जागा

ऑगस्ट २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट'चा तिसरा भाग आला आणि धाकट्याचा कॅनडाहून फोन. "ताई, घे ना!" माझ्या लॅपटॉपने अर्थातच हात टेकले. मग ठरलं की जुनाच खेळू, पहिला. मूळ खेळ १९९८चा, पण २०१२ मध्ये त्याची डागडुजी केलेली आवृत्ती निघाली, ती माझ्या खटाऱ्यावरही चालते आणि दोघांना दोन ठिकाणांहून एकत्र खेळता येते. प्रत्यक्षात मुहूर्त लागला नोव्हेंबरमध्ये.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी (मावशी, हे तुझ्यासाठी): आपण एक पात्र तयार करायचं, वाटेत साथीदार मिळवायचे, जास्तीत जास्त सहा जणांचं टोळकं घेऊन गुहा, खाणी, जंगलं पालथी घालायची. शक्ती, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्व, असे सहा गुण. प्रत्येक ३ ते १८. फासे संगणक टाकतो. आकडे आवडले नाहीत तर बटण दाबून पुन्हा टाकायला लावायचे, कितीही वेळा.

आणि इथेच आमच्या घरात २००१ मध्ये महाभारत झालं होतं.

सांगलीच्या घरी बाहेरच्या खोलीत एकच कॉम्प्युटर. आतेभावाने आणून दिलेल्या पाच सीड्या. रात्री जेवणानंतर दोन तास आमचे, तेही लोडशेडिंगची कृपा असेल तर. त्यातला पहिला आठवडा धाकट्याने नुसते फासे टाकण्यात घालवला. वहीच्या मागच्या पानावर बेरजा. नव्वदच्या खाली काही चालणार नाही. एकदा ९४ आले होते म्हणे, पण बोट इतकं सवयीने चाललं होतं की दिसेपर्यंत पुढचा फासा पडला. त्या रात्री तो जेवला नाही. आई येता-जाता विचारायची, "झाला का रे तुझा माणूस तयार?"

त्याचं गणित चूक नव्हतं. त्या जुन्या नियमांत शक्ती ८ असो की १५, तलवारीच्या वारात काडीचा फरक पडत नाही. फायदा सुरू होतो तो सोळा-सतराच्या पुढे. योद्ध्याला १८ मिळाले तर त्यापुढे आणखी एक आकडा लागतो, आणि त्यात सगळ्यात भारी '००'! चिलखताचा आकडा तर जितका उणे तितका चांगला. (मी बी. कॉम.ला होते. मला हे पचायला फार जड गेलं.) थोडक्यात, सगळीकडे बरा असलेला माणूस म्हणजे कुठेच उपयोगाचा नसलेला माणूस.

असा माणूस आमच्या टोळक्यात होता. खालिद.

खेळाच्या सुरुवातीलाच नायकाचे पालक-वडील मारले जातात. जाण्याआधी ते सांगून ठेवतात की फ्रेंडली आर्म नावाच्या सराईत माझे दोन मित्र भेटतील. ते मित्र म्हणजे खालिद आणि त्याची बायको जाहीरा. ती करारी, फटकळ, लढणारी आणि थोडेफार उपचार करणारी. तो बोलताना अडखळतो, शक्ती १५, आणि लढाई अंगावर आली की घाबरून पळत सुटतो. त्याच्या पायाखालचं वर्तुळ पिवळं होतं आणि तो आपलं ऐकेनासा होतो. मला तो फार आवडायचा. का ते सांगता येणार नाही.

मग नाश्केल गावच्या जत्रेत ब्रानवेन सापडली. दगड होऊन पडलेली, मंत्राची गुंडाळी वाचली की जिवंत होणारी, पूर्णवेळ उपचार करणारी. टोळक्यात जागा सहाच, आणि सहाही भरलेल्या. धाकट्याने क्षणभरही विचार केला नाही. पण खालिदला काढलं की जाहीराही निघून जाते, जोडीच आहे ती. यावर त्याने जो उपाय काढला तो त्या काळी खेळणाऱ्या बऱ्याच जणांनी काढला होता, हे मला नंतर कळलं. त्याने खालिदचं चिलखत काढून घेतलं, तलवार काढून घेतली आणि जंगलात त्याला एकट्याला अस्वलासमोर पाठवलं. मेलेल्याला काढलं तर बायको राहते. देवळात पैसे भरून त्याला उठवता आलं असतं, पैसेही होते.

मी दोन दिवस धाकट्याशी बोलले नाही. एकोणीस वर्षांची घोडी मी, आणि तो पंधराचा. आईला कारण सांगायचीही चोरी.

असो. तर २०२३. तो टोरोंटोजवळ, मी पुण्यात. आमच्या संध्याकाळी सातला त्याच्याकडे सकाळचे साडेआठ. पहिले दोन दिवस मला काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, लक्षात आलं.

"अरे, तुला ऑफिस नाही का?"

"आहे की. म्हणजे, होतं."

तेव्हा आम्ही नाश्केलच्या खाणीत होतो. आगीचे बाण सोडणारे ते बारके कोबोल्ड अंगावर येत होते, म्हणून त्याने स्पेसबार दाबून खेळ थांबवला.

"टीम लहान केली, ताई. अकरा जण होतो."

"आता किती?"

"सहा."

पुढे दोघंही काही बोललो नाही. त्यानेच परत स्पेसबार दाबला.

खाणीतून वर आल्यावर आम्ही जत्रेत गेलो. आता पाहा माझी अक्कल. माझा योद्धा, त्याचा जादूगार, इमोएन, खालिद, जाहीरा आणि किव्हन नावाचा धनुर्धर अशी सहा डोकी. समोर ब्रानवेन दगड होऊन उभी. मी गेली सात वर्षं बँकेत हाताखालच्या माणसांना दर मार्चमध्ये गुण देते. तोंडातून निघून गेलं, "उपचार करणारी हवीच रे. खालिदला काय करायचं बघ, नाहीतर अस्वल आहेच." बोलून झाल्यावर जीभ चावली.

"राहू दे त्याला," तो म्हणाला.

मग त्याने जे केलं ते बावीस वर्षांपूर्वी आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. खालिदच्या हातातली तलवार काढून लांब धनुष्य दिलं आणि त्याला मागे उभं केलं. तलवारीचा एक वार होईस्तोवर धनुष्यातून दोन बाण सुटतात. बाणाला शक्ती बघावी लागत नाही, चपळाई लागते, आणि ती खालिदकडे १६ आहे. आकडे तेव्हाही तेच होते, पडद्यावर समोर. आम्ही फक्त पहिला वाचत होतो. पुढे जाहीरा आणि माझा योद्धा दार अडवून उभे, मागे तीन धनुष्यं, आणि जादूगाराच्या झोपेच्या मंत्राने निम्मे शत्रू घोरत पडलेले. पुढचे कित्येक दिवस आमच्याजवळ कोणी पोचलंच नाही.

खालिद सुधारला वगैरे काही नाही हं. त्यानंतरही भर लढाईत तो दोनदा पिवळा होऊन पळालाच. एकदा तर त्याच्यामागे धावताना माझा योद्धा मेला. धाकटा हसत सुटला, खोकला येईस्तोवर. नोव्हेंबरपासून त्याला तसं हसताना मी ऐकलं नव्हतं.

जानेवारीत सारेवोकला हरवून खेळ संपला, खालिदसकट. फेब्रुवारीत धाकट्याला नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. आता शनिवारीच जमतं.

दुसरा भाग घेऊन ठेवलेला आहे. पण ज्यांनी तो खेळलाय त्यांना माहीत आहे. पहिल्याच तळघरात खालिदचं प्रेत सापडतं. पहिल्या भागात त्याला जपा, अस्वलासमोर पाठवा, काहीही करा. जाहीरा पुढे तिसऱ्या भागातही आहे, तो नाही. त्या चिन्हावर दोघंही क्लिक करत नाही आणि त्याबद्दल बोलतही नाही.

मागच्या शनिवारी धाकटा म्हणाला, "पहिलाच परत खेळूया का? यावेळी मी गवई घेतो." गवई म्हणजे थोडं लढणारा, थोडी जादू करणारा, थोडी हातचलाखी जाणणारा. मी म्हटलं घे बाबा, आणि चहा टाकायला उठले.

चहा पिऊन झाला, कप विसळून झाले, कुकरही लावून झाला. परत येऊन बघते तर कानात टक टक टक चालूच.

"अरे, झाला का तुझा माणूस तयार?"

"थांब गं. आत्ताच ८९ गेले."