अंगठीची अट

खेळासाठी जादूची अंगठी घडवायला बसलो की मी आधी तिची अट लिहितो, ताकद नंतर. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ १९७४ साली आला, तेव्हापासून त्याच्या नियमपुस्तकांत ताकदवान अंगठ्यांना तोटा नाही. एक माणसाला अदृश्य करते, एक तीन इच्छा पुरवते. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने ‘अट्यूनमेंट’, म्हणजे धारकाशी जुळवून घेणं, लागणाऱ्या वस्तू एका पात्राला एका वेळी तीनच, असं बंधन घातलं, ते चांगलं झालं. तरी अंगठी घातली, फासा टाकला, काम झालं, एवढ्यावर पुलगावातली आमची मंडळी फार वेळ रमत नाहीत.

माझी आवडती अंगठी कालिदासाच्या ‘शाकुंतल’ नाटकातली. (आर्वीच्या आमच्या नॅरोगेज गाडीलाही लोक शकुंतलाच म्हणत आले, त्यामुळे हे नाव इथे सगळ्यांच्या तोंडी.) महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही, दुर्वासाचा शापही नाही, दोन्ही कालिदासाने आणले. आणि काय जोडी जमवली! अंगठीत स्वतःची जादू काडीचीही नाही. शाप राजाची आठवण पुसतो, खुणेचा दागिना दिसला की तो सुटतो. हे ठाऊक आहे शकुंतलेच्या सख्यांना, अनसूया आणि प्रियंवदेला. जिच्या बोटात अंगठी आहे तिला शापाचा गंधही नाही. अंगठी पाण्यात पडते तेव्हा आपलं काय गेलं हे शकुंतलेला कळतच नाही.

मी तेच उचललं. अंगठी एका खेळाडूला देतो आणि अट चिठ्ठीवर लिहून दुसऱ्याच्या हातात ठेवतो. ती कधी सांगायची, सांगायची की नाही, हे चिठ्ठीवाल्याने ठरवायचं. नाटकातल्या सख्या शकुंतला हळवी म्हणून गप्प राहतात. खेळातही माणसं बहुतेकदा मायेपोटीच गप्प राहतात, हे मी पाहत आलोय.

अंगठीवर राजाचं नाव कोरलेलं असतं. रोज एक अक्षर मोज, ती संपेपर्यंत माझा माणूस तुला न्यायला येईल, असा दुष्यंताचा शब्द. खेळात मी दर मुक्कामाला त्यातलं एक अक्षर झिजवतो. नाव तीन अक्षरी ठेवायचं, फार तर चार. लांबलं की धाक उरत नाही.

पण खरी रग सहाव्या अंकातल्या धीवरात आहे. गरिबाच्या हाती राजाची अंगठी दिसली म्हणून शिपाई त्याचे हात पाठीशी बांधतात, मारतात, चोर ठरवतात. आमच्या खेळात तो वर्धा नदीवरचा ढिवर झाला. रोहू चिरताना विळ्याला काही कटकन लागलं, आतड्यात सोनं. ते पात्र घेतलेला गडी अडूनच बसला, “नदीनं मले देल्ली, राजाले काहून देऊ?” शिपाई झालेल्या दोघांना उत्तर सुचेना. राजाला काही आठवत नव्हतं, आणि चिठ्ठी ज्याच्याकडे तो लांब आश्रमात. बराच वेळ फाशाला कोणी हात लावला नाही, नुसता वाद चालला. कालिदासाचा राजा धीवराला अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस देतो. आमच्या ढिवराने ते घेतलं नाही. त्याने राजाच्या डोहात जाळं टाकायचा हक्क मागितला, आणि मिळेपर्यंत मूठ उघडली नाही.

शेवटच्या अंकात राजा अंगठी परत देऊ करतो, तेव्हा शकुंतला ती घालायला तयार होत नाही. तिचा आता त्या अंगठीवर विश्वास नाही. त्यावरून मी नियम केला आहे: शाप सुटल्यावर पहिल्या धारकाला अंगठी नाकारता येते. नाकारली, तर ती राजाने घालायची, आणि अक्षरं पुन्हा पहिल्यापासून झिजू लागतात, या वेळी त्याच्या बोटात.