जिवतीच्या मैदानावर

गडचांदूर सोडले की एस. टी. माणिकगडच्या डोंगरात वळणे घेत चढते. दिवाळीच्या सुटीत आम्ही मुलांसह जिवतीला गेलो. शाळेच्या मैदानावर गोंड तरुणांचा नवा संच वाजवणार होता : ढोल, सनईसारखे पेपरे आणि जोडीला कीबोर्ड. सीमेपलीकडच्या तेलंगणात गुसाडी नृत्यासाठी कनकराजू गुरुजींना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तीच परंपरा ही.

पेपरे वाजवणारा आमचा जुना विद्यार्थी निघाला. वर्गात मराठी वाचताना तो अडखळे. आम्ही त्याला मठ्ठ समजलो. इथे तो गोंडीत बोलला आणि अख्खे मैदान हसले, नाचले. घरी उर्दू बोलणारी आमची मुलेही मराठी वाचताना अशीच अडखळत.

कार्यक्रमानंतर तो "सर, सर" करत धावत आला, चहा पाजला. माफी मागायची होती. तोंडातून "शाब्बास" एवढेच निघाले.